लाथ मारणारी घोडी ग्रूप राइडला न्यायचीय, बाकीच्यांना कसं सांगू?

प्रश्न थोडक्यात असा आहे की घोडी सात वर्षांची, एकटी असली की अगदी गरीब गाय, पण गेल्या दोन ग्रूप राइडमध्ये मागून कुणी जवळ आलं की कान पाडते, शेपूट झटकते, आणि एकदा तर मागचा पाय उगारलाच, नशिबानं कुणाला लागला नाही. आता आठ-दहा घोड्यांबरोबर जायचंय. तर शेपटीला लाल रिबन बांधली की भागतं का, की तोंडानंही सांगायचं, आणि सांगितलं तर लोक "मग आणलीस कशाला" म्हणतील का, आणि ही रिबन एकदा बांधली की जन्माची का.

मी बावीस वर्षं शिकवतेय आणि त्यातली बरीच वर्षं अशाच घोड्यांवर गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी लाजेचं बघू, कारण खरी अडचण तिथेच असते. "माझी घोडी लाथ मारू शकते" हे सांगायला लाज वाटते कारण त्यात आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. पण मला जी माणसं भीतीदायक वाटतात ती "नाही हो, ती कधीच नाही मारत" म्हणणारी. प्रत्येक घोड्याला मागे दोन पाय आहेत आणि प्रत्येकाला ते वापरता येतात. जो आधी सांगतो त्याच्याजवळ मी निर्धास्त चालते, कारण तो निदान स्वतःच्या घोड्याकडे बघतोय. आणि "आणलीस कशाला" म्हणणारा एखादा भेटलाच तर भेटू दे, त्याच्या नडगीपेक्षा त्याचं बोलणं परवडलं.

आता रिबन. हो, बांधाच. लाल रिबन म्हणजे लाथ मारणारा घोडा, हे बहुतेक ठिकाणी कळतं. बाकीच्या रंगांचा मात्र गोंधळ आहे. हिरवी म्हणजे नवखा किंवा कोवळा घोडा हे बऱ्यापैकी पक्कं, पांढरी म्हणजे विकायचाय, स्टॅलियनला, म्हणजे खच्ची न केलेल्या घोड्याला, कुठे पिवळी तर कुठे निळी, म्हणून लाल सोडून दुसऱ्या रंगाच्या भरवशावर राहू नका. लालच्याही भरवशावर पूर्ण राहू नका, त्याची कारणं सांगते. एक म्हणजे लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं, त्यातही पुरुष, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त असतात, त्यांना तुमची लाल आणि शेजारच्याची हिरवी सारखीच दिसणार. दुसरं, उजेड कमी झाला की सगळ्यात आधी लाल रंग विझतो, संध्याकाळी काळ्या शेपटीवरची लाल रिबन काळीच दिसते, विश्वास नसेल तर एकदा सहाच्या सुमाराला तबेल्याबाहेर उभं राहून बघा. आणि तिसरं सगळ्यात साधं, निम्म्या नवशिक्यांना रिबनचा अर्थच माहीत नसतो, त्यांना ती नटवण्याची हौस वाटते.

बांधायची कशी तेही सांगते कारण लोक इथे घोळ घालतात. शेपटीच्या मुळाभोवती आवळून बांधायची नाही, आत हाड-मांस आहे, रक्त अडतं. वरच्या बाजूचे थोडे केस घ्या, बारीक वेणी घाला आणि त्या वेणीत रिबन ओवून गाठ मारा, टोकं वीतभर सोडा, त्यापेक्षा लांब नको, फडफडते. घोडीला मागे काही हललेलं आवडत नाही म्हणूनच तर हा सगळा उद्योग चाललाय ना, मग तिच्या शेपटीला झेंडा कशाला लावायचा! पहिल्यांदा बांधाल ती राइडच्या सकाळी नको, आदल्या दिवशी तबेल्यात बांधून तासभर राहू द्या. गडद लाल, मरून वगैरे नको, चक्क भडक लाल घ्या. घोडीला रंगाचं काही पडलेलं नाही, तिला लाल आपल्यासारखा दिसतच नाही, रिबन माणसांसाठी आहे.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. रिबन बांधली म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं नाही, उलट तिथून ती सुरू होते, कारण आता "मला माहीत नव्हतं" असं तुम्हाला म्हणता येत नाही. रिबन बांधून पुढच्या फाटकापाशी सगळ्यांच्या मधोमध गप्पा मारत उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. तसेच काही जण घोडा लाथ मारत नसतानाही लाल बांधतात, का तर लोक लांब राहतात, आरामात जाता येतं. असं करू नका प्लीज, "लांडगा आला रे आला" होतं आणि खरी रिबनही कुणी मनावर घेत नाही.

तोंडानं सांगणं हा खरा उपाय. पण सांगण्यातही फरक असतो. "जरा सांभाळून हं, ती थोडी मूडी आहे" याला मी सांगणं म्हणत नाही, यातून समोरच्यानं करायचं काय ते त्याला कळतच नाही. असं सांगा, "ही मागून कुणी जवळ आलं तर लाथ मारू शकते, दोन घोड्यांचं अंतर ठेवा, पुढे जायचं असेल तर आधी हाक मारा, मी बाजूला घेते." किती अंतर, काय करायचं, मी काय करणार, तिन्ही आलं. आणि तुम्हाला जेवढं नेमकं माहीत असेल तेवढं सांगा. माझ्याकडे एक घोडा होता, त्याला डावीकडून कुणी आलं तर काही नाही, उजवीकडून कँटर करत, म्हणजे हलक्या दौडीत, गेलं की ठरलेली लाथ. हे एवढं सांगितलं की सगळे आपोआप डावीकडून जायचे. तुमची घोडी नेमकं कशाला चिडते, मागून ठरावीक घोडा आला तर, की कुणीही, चालताना की थांबल्यावर, हे आठवून लिहून काढा बरं.

सांगायचं कधी तर सगळे खोगिरावर बसायच्या आधी, जमिनीवर असताना, गोल उभे असताना. लीडरला वेगळं, आणि तुमच्या मागे-पुढे जे असणार त्यांना डोळ्यात बघून वेगळं. उशिरा येणारा एक कुणीतरी असतोच, त्याला पुन्हा सांगा. हा उशिरा येणाराच घात करतो, हे मी अनुभवानं सांगतेय.

तो किस्सा सांगतेच. पंधराएक वर्षं झाली असतील, मी एका गेल्डिंगवर, म्हणजे खच्ची केलेल्या घोड्यावर, होते, उंच, बदामी रंगाचा, लाल रिबन व्यवस्थित बांधलेली, निघायच्या आधी सगळ्यांना सांगितलेलं. वाटेत एक अरुंद फाटक, सहा घोडे फाटक उघडायची वाट बघत उभे. मी फाटक उघडणाऱ्याशी बोलत होते, कशाबद्दल ते आता आठवतही नाही. तेवढ्यात उशिरा आलेले एक गृहस्थ मला हॅलो म्हणायला मागून डावीकडून आत शिरले. माझ्या घोड्याचा डावा कान मागे वळला, वजन उजव्या पायावर गेलं, हे मला खोगिरात जाणवलं, एक पुठ्ठा (मागच्या पायावरचा कुल्ला) खाली आणि एक वर होतो तसं, आणि तरी मी वाक्य पूर्ण करत बसले. ते वाक्य मला दीड सेकंद महाग पडलं. लाथ त्यांच्या घोड्याला लागलीच नाही, त्यांच्या नडगीला लागली. लाकूड तुटल्यासारखा आवाज झाला. कित्येक महिने त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. नंतर भेटायला गेले तर ते म्हणाले, "रिबन दिसली होती मला, मला वाटलं कसल्या तरी शोसाठी बांधलीय." त्यांची चूक होती का, थोडी. माझी जास्त होती. रिबनही होती आणि आधी सांगितलंही होतं, पण त्या क्षणी घोड्याकडे लक्ष देणारं कुणी नव्हतं.

नडगीचं का घडतं तेही समजून घ्या. शेजारच्या घोड्याच्या छातीवर, खांद्यावर किंवा पोटावर मारलेली लाथ जिथे पोचते तिथेच बसलेल्या माणसाचा पाय लोंबत असतो. शिवाय घोडा फक्त सरळ मागेच मारतो असं नाही, दोन्ही पायांनी दुगाण्या झाडतो ती एक तऱ्हा, आणि एका पायानं गाईसारखी पुढे-बाजूला मारतो ती दुसरी, आणि ती दुसरी शेजारी उभ्या असलेल्याला कळायच्या आत लागते. म्हणून "मागे नाही, मी तर बाजूला होतो" याला काही अर्थ नाही.

आता ग्रूपमध्ये घोडी कुठे ठेवायची. सगळे सांगतात शेवटी ठेवा, आणि बहुतेक वेळा बरोबर आहे, मागे कुणी नसेल तर मारायला कुणी नाही. पण यात दोन खाचा आहेत. अरुंद वाटेवरून ग्रूप परत फिरला की रांग उलटी होते, शेवटची घोडी पहिली होते आणि अख्खा ग्रूप तिच्या मागे! हे कुणाच्या लक्षातच येत नाही, लीडरला आधीच सांगून ठेवा की वळायचं झालं तर मला बाजूला घ्यायला जागा मिळेल अशा ठिकाणी वळू. दुसरी खाच म्हणजे काही घोड्यांना शेवटी राहिलं की मागे सोडतात की काय अशी धास्ती पडते, उड्या मारत पुढच्याच्या अंगावर जातात, आणि मग लाथ खाणारे तुम्हीच होता. तुमची तशी असेल तर शेवटून दुसरी ठेवा आणि सगळ्यात मागे एखादा शांत, म्हातारा घोडा आणि अंतर पाळणारा रायडर असू दे, त्याला आधी विचारून.

थांबल्यावर जास्त धोका असतो, चालताना कमी. थांबलं की माणसं गोळा होतात. म्हणून थांबताना घोडीची पाठ झाडी-कुंपणाकडे किंवा मोकळ्या रानाकडे करा आणि तोंड घोड्यांकडे. कुणी जवळ येताना दिसलं की तिचं तोंड त्याच्याकडे वळवा, तोंड त्याच्याकडे गेलं की पुठ्ठे आपोआप दुसरीकडे जातात. हे उलटं वाटतं, मनात येतं की तोंड फिरवून दूर न्यावं, पण तसं केलं की आपणच लाथ त्याच्या दिशेला रोखतो. घरी दहा वेळा प्रॅक्टिस करा म्हणजे ऐनवेळी हात चुकीकडे ओढणार नाही. अरुंद फाटकातून जाताना मागच्याला स्वच्छ सांगायचं, "मी पूर्ण पलीकडे गेले की मग या."

चालताना मागच्याला इशारा द्यायचा असेल तर एक हात पाठीमागे, कमरेच्या मागे तळवा बाहेर करून ठेवायचा, जुन्या घोडेस्वारांना हा इशारा कळतो, नव्यांना सांगून ठेवा. तोंडानं ओरडायला मात्र लाजू नका, "मागे अंतर!" एवढंच, मोठ्यानं. किंचाळू नका, घोडी तुमच्या आवाजानंच दचकेल.

लक्षणं तुम्ही लिहिलीयत ती बरोबर आहेत, कान आणि शेपूट. त्यात भर घाला. शेपूट झटकण्याइतकंच शेपूट आत दाबून धरणं वाईट. पाठ ताठ होऊन खोगिराखाली कमान झाल्यासारखी वाटणं, पावलं आखडणं, मागे वळून एका डोळ्यानं बघणं, आणि माझ्या किश्श्यातलं ते वजन सरकणं. यातलं काहीही जाणवलं की लगेच टाच लावून तिला पुढे काढा. पुढे चालणाऱ्या घोड्याला मागे मारणं कठीण जातं, उभ्या घोड्याला सोपं. लाथ मारून झाली तर जे काय रागवायचं ते त्याच क्षणी, एक ठणकावून शब्द, एक टाच, संपलं. पाच सेकंदांनी चाबूक मारलात तर तिला एवढंच कळतं की मागे घोडा आला की आपल्याला दुखतं, आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर मारते.

मागे चालणाऱ्यांसाठीही लिहिते, कारण हे उत्तर तेही वाचणार. कमीत कमी एक घोडा मावेल एवढं अंतर, साधारण आठ फूट, ट्रॉटला (दुडक्या चालीत) आणि कँटरला त्याच्या दुप्पट-तिप्पट. फूट मोजत बसू नका, तुमच्या घोड्याच्या दोन कानांच्या मधून पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचा दिसल्या पाहिजेत, नुसती शेपूट दिसत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या बरोब्बर मागे आणि कपाळासमोर दिसत नाही, म्हणजे तुम्ही नेमके त्या आंधळ्या पट्ट्यात चालताय. तेव्हा बाजूनं जायचं असेल तर आधी हाक, उत्तर आल्याशिवाय निघू नका, आणि लांबून, चालीत जा. कँटर मारत सपकन जवळून गेलं की शांत घोडाही दुगाण्या झाडतो. "घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये" असं आपल्याकडे म्हणतात, पण ग्रूप राइडमध्ये पहिला सोडून सगळेच कुणा ना कुणा घोड्याच्या मागे असतात, त्याला इलाज नाही. जमिनीवर असताना गोष्ट जरा वेगळी, तिथे एक तर हात लावून अगदी चिकटून जा म्हणजे लाथेला जोर यायला जागाच नाही, नाहीतर चांगलं लांबून जा. मधलं अंतर सगळ्यात वाईट, पूर्ण ताकदीनिशी बसते. आणि लाथ मारते म्हणून माहीत असलेल्या घोड्याला चिकटून नको, लांबूनच.

आता तुम्ही विचारलं नाहीत पण मी विचारणार, हे दोन राइडपासूनच का सुरू झालं? आधी नव्हतं आणि आता आहे असं असेल तर आधी वेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर. पाठदुखी, पोटात अल्सर, खोगीर रुतणं, यानं घोडी अंगाजवळ कुणाला येऊ देत नाही. तिला बोलता येत नाही, पायच उचलणार. माजावर असेल तरीही असं होतं, तारखा लिहून ठेवा आणि दर तीनेक आठवड्यांनी हेच होतंय का बघा, तसं असेल तर ते चार-सहा दिवस ग्रूप टाळा. किंवा मागे कुणाची तरी लाथ, चावा खाल्ला असेल आणि आता ती आधीच मारून घेत असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा, रिबन यातलं काहीही बरं करत नाही.

एवढं करूनही लागलीच तर. घोड्याला लागली असेल तर जखम लहान दिसते म्हणून सोडू नका. पुढच्या पायाच्या वरच्या भागाला आणि मागच्या पायाला, आतल्या बाजूनं, कातडीखाली लगेच हाड असतं, त्याला बारीक चीर पडली तर घोडा चालतोही, आणि नंतर कधीतरी बसता-उठता तेच हाड पूर्ण मोडतं. तेव्हा खाली उतरा, त्याच्यावर बसून घरी नेऊ नका, वेटला तिथेच बोलवा. सांध्याजवळ जखम असेल तर ती कितीही बारीक असो, त्याच दिवशी वेट, सांध्यात जंतू गेले तर प्रकरण हाताबाहेर जातं. माणसाच्या नडगीला लागलं आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, पोटरी दगडासारखी ताठली, बोटं बधिर झाली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. पोटावर लागली असेल तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल, आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. हेल्मेटला लागली तर ते हेल्मेट त्या दिवसापासून बाद, वरून कितीही ठीक दिसो.

आणि रिबन काढायची कधी. माझा नियम असा आहे की कारण सापडून ते दूर झालं, आणि त्यानंतर वेगवेगळ्या घोड्यांबरोबर निदान एक अख्खा सीझन तिनं साधा कानही पाडला नाही, तरच. त्यातही पहिल्या काही राइड ओळखीच्या दोन-तीन घोड्यांबरोबरच करा, आठ-दहाच्या ग्रूपमध्ये एकदम नको. खरं सांगायचं तर ही आठ-दहा घोड्यांची राइडही मी तुमच्या जागी असते तर सोडली असती आणि आधी दोघाजणींबरोबर अर्धा तास जाऊन बघितलं असतं. माझ्या त्या बदामी गेल्डिंगची रिबन मी कधीच काढली नाही. शेवटची पाच-सहा वर्षं त्यानं कुणाला पाय लावला नव्हता, तरी दर राइडच्या आधी वेणी घालताना त्याच्या मागे उभी न राहता बाजूलाच उभी राहायचे, डावा हात पुठ्ठ्यावर ठेवून.